लीडरबोर्ड बंद केल्यावर: गेमवर पायथन शिकवल्याचे आठ महिने

नववीच्या दोन तुकड्यांना गेमवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवून आता आठ महिने झाले. गेमचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि या जातीचे गेम थोड्याफार फरकाने सारखेच असतात. तळघरात अडकलेला योद्धा, वाटेत हिरे, काटे, राक्षस. योद्ध्याला हलवायला बाणांची बटणं नाहीत, त्यासाठी कोड लिहायचा. 'मूव्ह राइट' लिहून रन केलं की गडी एक घर उजवीकडे सरकतो. घ्यावा का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते: घ्या, पण आहे तसा वापरू नका.

पहिले दोन आठवडे मी हवेत होते. एरवी प्रोग्रॅमिंगच्या तासाला जांभया देणारी पोरं तास संपला तरी खुर्ची सोडेनात. कोणी शेजाऱ्याला ओरडून 'अरे, लूप टाक ना, दहा वेळा काय लिहितोस' म्हणतंय, हे मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

तिसऱ्या आठवड्यात लीडरबोर्डकडे लक्ष गेलं. कोणी किती लेव्हल किती वेळात पार केल्या, ते उतरत्या क्रमाने, सगळ्यांना दिसेल असं. पहिल्या सहांत पाच मुलगे, आणि रोज तीच नावं. स्टाफरूममध्ये निकाल लागायला वेळ लागला नाही: मुलींना गेमचं वेड नसतंच, त्यांना दुसरं काहीतरी द्या. मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

माझं मत फिरलं ते एका मशीनजवळ उभी राहिले तेव्हा. आमच्याकडे दोघांत एक कॉम्प्युटर. मुलगा कीबोर्डवर, मुलगी शेजारी. 'व्हाइल ट्रू' या लूपच्या ओळीनंतर कोलन (:) राहिला होता, खाली लाल एरर. तो एरर न वाचता रन दाबतोय, एक ओळ खोडतोय, परत रन. ती हळूच म्हणाली, "कोलन राहिलाय." त्याचं लक्ष नाही. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने स्क्रीनवर बोटच ठेवलं. त्याने कोलन टाकला, योद्धा चालायला लागला, हिरा मिळाला, आणि गुण जमा झाले त्याच्या खात्यात, कारण लॉगिन त्याचं होतं. माझ्या डॅशबोर्डवर त्या तासाला तिच्या नावापुढे काय होतं? 'निष्क्रिय'.

म्हणजे मी महिनाभर जे मोजत होते ते प्रोग्रॅमिंग नव्हतंच. कीबोर्ड कोणाच्या हातात आहे, ते मोजत होते.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. लीडरबोर्ड बंद (सेटिंग तीन मेनू आत दडलेलं आहे, शोधायला एक दुपार गेली). दर दहा मिनिटांनी जागेची अदलाबदल आणि लॉगिनचीही. पेअर प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे दोघांनी मिळून कोड लिहिताना, एक ड्रायव्हर (टाइप करणारा) आणि एक नेव्हिगेटर (बघून सुचवणारा) असतो, तीच पद्धत. तिसरी माझी स्वतःची: हात पाठीमागे. कारण लक्ष ठेवल्यावर कळलं की मुलगा अडला की मी 'एरर वाच' म्हणते आणि मुलगी अडली की पटकन माऊस घेऊन चूक दुरुस्त करून देते. प्रेमानेच, पण शिकायचं नेमकं तिथेच राहून जात होतं.

दोन मुलांनी लीडरबोर्डसाठी बराच गळा काढला. एकाने घरी खेळणं सोडलं. तेही नुकसानच, नाही म्हणत नाही.

लूप आणि अटींवरची तीच कागदी चाचणी मी सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी घेतली. सुरुवातीला मुलगे पुढे होते, आणि त्यातलेही घरी आधीपासून गेम खेळणारे जास्त. सहा महिन्यांनी फरक शोधावा लागत होता. माझे दोन वर्ग म्हणजे काही संशोधन नव्हे. पण मारिना पापास्टेर्जिऊ यांचा २००९ चा ग्रीसमधला अभ्यास वाचला तेव्हा ओळखीचं चित्र दिसलं. हायस्कूलच्या ८८ विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरची मेमरी शिकवायची होती, काहींना गेमवर, काहींना खेळाचा भाग नसलेल्या सॉफ्टवेअरवर. मुलांना गेमचा अनुभव आणि आधीची माहिती जास्त होती, तरी गेममधून शिकण्यात मुलामुलींत लक्षणीय फरक निघाला नाही.

आता गेमचे दोष. एकतर ऑटोकम्प्लीट अती मदत करतं. 'मू' टाइप केलं की पुढचं सगळं हजर, त्यामुळे स्पेलिंगही डोक्यात राहत नाही. कोऱ्या एडिटरमध्ये 'एक ते दहाची बेरीज कर' दिलं तर पंधरा लेव्हल पार केलेली पोरं पाच मिनिटं नुसती बघत बसली. योद्धाच नाही, तर हलवायचं कोणाला? सुरुवातीचा योद्धा पुरुष, बाई हवी तर हिरे साठवून विकत घ्यायची. ही कल्पना कोणाला सुचली असेल, देव जाणे.

म्हणून चौथ्या महिन्यापासून निम्मे तास गेम खेळण्याऐवजी स्क्रॅचमध्ये, म्हणजे टाइप न करता ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेत, स्वतःचा गेम बनवायला दिले. पायथन सोडून ब्लॉकवर उतरणं काहींना कमीपणाचं वाटलं, आठवडाभरात विसरले. केटलिन केलेहर यांचं २००६ चं स्टोरीटेलिंग अ‍ॅलिसवरचं काम डोक्यात होतं. अ‍ॅलिस म्हणजे अ‍ॅनिमेशन बनवत प्रोग्रॅमिंग शिकायचं सॉफ्टवेअर. गोष्ट रचायची सोय असलेल्या आवृत्तीवर मुलींनी साध्या अ‍ॅलिसपेक्षा ४२ टक्के जास्त वेळ प्रोग्रॅमिंगला दिला होता. मात्र तो अभ्यास फक्त मुलींचा. त्यावरून 'मुलींना गोष्टी, मुलांना लढाया' अशी वाटणी करायची नाही, एवढं ठरवलं होतं. बरंच झालं. वर्गातला सगळ्यात रक्तबंबाळ झाँबी गेम एका मुलीने केला. आणि लीडरबोर्डवर पहिला असणाऱ्या मुलाने रोपाला पाणी घालायचा गेम केला, त्यात पाणी जास्त झालं तर मूळ कुजतं. त्यातलं व्हेरिएबल, म्हणजे बदलत जाणारा आकडा, शून्याखाली जाऊ न देण्याची अटही त्याने न विचारता लिहिली.

एक फरक मात्र हटला नाही. 'तुला प्रोग्रॅमिंग किती येतं?' या प्रश्नावर तेवढेच गुण मिळवणाऱ्या मुलींनी स्वतःला मुलांपेक्षा खालचा आकडा दिला. गेमने त्यावर काही केलं नाही, मीही अजून काही करू शकलेले नाही.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षी घेणार आहे, पण चार महिन्यांसाठीच. आणि परवा अपडेट आलं तेव्हा लीडरबोर्ड आपोआप पुन्हा चालू झाला होता, तेव्हा दर अपडेटनंतर ते सेटिंग उघडून बघा.