दिवे विकण्याआधी घराची विचारपूस करणारे दुकान

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मातीचे जुने घर पाडून त्याच जागी चार खोल्यांचे स्लॅबचे घर बांधले आणि दिव्यांची सर्व खरेदी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकामागच्या विद्युत साहित्याच्या दुकानातून केली. खरीप, दिवाळी आणि कापसाचा हंगाम असा बराच काळ त्या उजेडात काढल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

मी यादी घेऊन गेलो होतो: इतके बल्ब, इतक्या ट्यूबसारख्या एलईडी पट्ट्या. दुकानदाराने यादी बाजूला ठेवली आणि वहीच्या कागदावर घराचा नकाशा काढायला लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "कापूस कोणत्या खोलीत भरता, भाऊ?" भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती नेमका आहे हे सांगायला नको. त्या खोलीसाठी त्यांनी छताच्या मध्यभागी उघडा होल्डर लावण्यास स्पष्ट नकार दिला. साध्या ६० वॅटच्या बल्बची काच शंभर अंशांहून अधिक तापते, हे मला ठाऊक होते. पण एलईडीच्या बुडाशी असलेले सर्किटही तापते, कापसात दबल्यास त्याची उष्णता बाहेर पडत नाही, आणि खरा धोका ढिल्या जोडणीतून उडणाऱ्या ठिणगीचा असतो, हे त्यांनी समजावून सांगितले. अखेरीस दाराशेजारच्या भिंतीवर, ढीग पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे आत धूळ न शिरणारा, बंद दिवा बसला. बटण खोलीबाहेर आले आणि आत एकही सॉकेट ठेवला नाही. आमच्या जुन्या घरात त्याच ढिगावर वर्षानुवर्षे पिवळा बल्ब लोंबत होता, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते.

स्वयंपाकघराचा हिशेबही त्यांनी माझ्यासमोर मांडला. दिव्यातून निघणारा एकूण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात आणि एका चौरस मीटरवर एक ल्युमेन उजेड पडला की त्याला एक लक्स म्हणतात; आमचे स्वयंपाकघर १० बाय १२ फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर, तेव्हा २०० लक्ससाठी २२०० ल्युमेन लागतात आणि भिंती गडद असतील तर त्याहून अधिक. २० वॅटची पट्टी साधारण २००० ल्युमेन देते. मात्र तेवढ्यावर न थांबता त्यांनी ओट्याच्या पुढच्या कडेच्या वर एक वेगळा छोटा दिवा सुचवला, कारण खोलीच्या मध्यावरचा दिवा स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे राहतो आणि चिरायच्या भाजीवर त्याच माणसाची सावली पडते. पत्नीच्या मते साऱ्या घरातला सर्वांत उपयोगी दिवा तोच आहे.

रंगाच्या बाबतीत आमच्या गावात सगळीकडे ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र उजेड दिसतो, आणि मीही तोच मागितला होता. दुकानदाराने ४००० आणि ३००० केल्विनचे दिवे शेजारी लावून दाखवले; केल्विनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. वय वाढले की उजेड जास्त लागतो, पण झगमगाट सोसत नाही. म्हणून ती तूरडाळ निवडते त्या ओसरीत दुधी झाकणाचा ४००० केल्विनचा दिवा लागला. अंगणातल्या दारावर ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावल्यामुळे पावसाळ्यात किडे पूर्ण थांबले नाहीत, तरी ताटात पडेनासे झाले. निळसर प्रकाशाकडे किडे अधिक ओढले जातात. देवघरात तीन वॅटचा पिवळसर दिवा पुरेसा झाला.

बल्ब आता स्वस्त झाले आहेत. २०२१ मध्ये ग्राम उजाला योजनेत नागपूर जिल्ह्याचाही समावेश होता, आणि जुना बल्ब दिल्यावर १० रुपयांत ७ किंवा १२ वॅटचा एलईडी, तोही तीन वर्षांच्या हमीसह, मिळत असे. महाग पडते ती चुकलेली जागा, कारण स्लॅबमधले तारांचे पाइप काँक्रीट ओतण्याआधीच टाकावे लागतात. आमच्या बैठकीत पंख्याच्या पात्यांच्या वरच्या बाजूला दिवा येणार होता. तसे झाले असते तर पाती फिरताना साऱ्या खोलीत सावल्या थरथरत राहिल्या असत्या. नकाशामुळे हे वेळीच लक्षात आले आणि दिवा भिंतीवर घेतला.

तक्रारी दोन आहेत. पहिली गंभीर आहे: चार महिन्यांत एक पट्टी बंद पडली आणि हमी असूनही बदलून मिळायला पाच आठवडे लागले, त्यासाठी मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. विक्री करताना दाखवलेली आस्था तेव्हा दिसली नाही, याचे वाईट वाटते. दुसरी तक्रार अशी की दुकान स्वतःचा वायरमन देत नाही. आम्ही बाहेरून आणलेल्या माणसाने दोन ठिकाणी बटण फेजऐवजी (वीज येणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडले, त्यामुळे बंद केलेले दिवे रात्री मंद उजळत राहत. होल्डरमध्ये फेज कायम राहतो, म्हणून बल्ब बदलतानाही ते धोक्याचे असते. दुकानदाराने फोनवरच कारण ओळखले, पण दुरुस्ती आमची आम्हालाच करून घ्यावी लागली.

संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज बरेच उतरते. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट असे छापलेलेच दिवे त्यांनी दिले आणि ते स्थिर जळतात. आखणीचे वेगळे पैसे घेतले नाहीत. घर बांधणाऱ्यांनी स्लॅब पडण्याआधी तेथे जावे, दुपारी गर्दी कमी असताना. नकाशा वहीच्या कागदावरचा चालतो, फक्त खिडक्या, पंख्याच्या जागा आणि कापसाची खोली त्यात दाखवलेली असावी, आणि हमीच्या कार्डावर तारीख व शिक्का तिथल्या तिथे मारून घ्यावा.