नालासोपाऱ्याची खोली की राजापुरातलं घर?

मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी ओटीवर बसतो, फणसाचे गरे खातो आणि हळूच विचारतो, "आम्ही पण येऊ काय रे कायमचे?" गेल्या नऊ वर्षांत हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. मी अठरा वर्षं नालासोपाऱ्यात राहून अंधेरीच्या एका कारखान्यात फिटरकी केली. आता राजापूर तालुक्याच्या वलाटीत, म्हणजे समुद्रापासून लांब, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीत बायकामुलांसह राहतो. दोन्ही संसार स्वतः केलेत, म्हणून शेजारी शेजारी मांडून दाखवतो.

आधी पैसा, कारण सगळ्यांचं घोडं तिथेच अडतं.

शहरात पैसा महिन्याला येतो. पगार कमी असला तरी एक तारखेला किती हातात पडणार ते माहीत असतं. त्यावर खोलीचं भाडं, मुलांची फी, किराणा, भिशी बसवता येते. गावात पैसा वर्षाला येतो. आमच्याकडे काजूची बी मार्च ते मे या तीन महिन्यांत विकली जाते आणि त्या पैशावर पुढचे नऊ महिने काढायचे असतात. नव्याने परतलेली बरीच घरं इथेच फसतात. मे महिन्यात हात सैल सुटतो आणि गणपतीला उसनवारी करावी लागते.

आकडा सांगतो. सात बाय सात मीटरवर लावली तर एकरी ऐंशीच्या आसपास काजूची कलमं बसतात. माझी दोन एकरांत दीडशे आहेत, बहुतेक वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसायला लागते, पण घराला हातभार लागेल एवढं पीक सातव्या वर्षानंतरच. यंदा मला नऊशे किलो मिळाली. दर एखाद्या साली किलोला दीडशेच्या पुढे जातो, एखाद्या साली शंभराच्या जवळपास येतो, आणि दर ठरवताना आपल्याला कोणी विचारत नाही. म्हणजे चांगल्या सालीसुद्धा एक लाख पस्तीस हजारांच्या आसपास, त्यातून खत, फवारणी आणि ग्रासकटरचं पेट्रोल वजा. यावर चौघांचं घर चालत नाही. माझं चालतं ते पंप दुरुस्तीवर. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी माझ्याकडे येतात. हातात फिटर, वायरमन, गवंडी, शिवणकाम असं काही असेल तर गाव तुम्हाला पोसेल. नुसत्या बागेच्या भरवशावर येणार असाल तर सात वर्षांचा खर्च गाठीशी ठेवूनच या.

हापूसचं काय, असं सगळे विचारतात. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मोठं झालं. पण चढा दर मिळतो लवकर तयार होणाऱ्या आंब्याला, आणि तो खलाटीत, किनाऱ्याच्या बाजूला होतो. आमच्या वलाटीत आंबा उशिरा तयार होतो, तोवर बाजार उतरलेला असतो आणि वर वळवाच्या पावसाची भीती. तुमचं गाव खाडीजवळ असेल तर आंब्याचा विचार करा, डोंगराकडे असेल तर काजू बरी. वारा मात्र दोघांनाही सोडत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या लोकांच्या पिढीजात बागा एका दिवसात आडव्या झाल्या. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते, पन्नास वर्षांचं झाड पडलं तर पुढची पन्नास वर्षं थांबावं लागतं.

आता पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सुट्टीवर येणाऱ्याला ते दिसत नाही.

नालासोपाऱ्यात आम्हाला एक दिवसाआड नळ यायचा. पिंपं भरायला पहाटे उठावं लागायचं, बायको वैतागायची, पण पाणी येणार हे ठरलेलं असायचं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये कित्येक वाड्यांवर टँकर लागतो. पायाखाली सगळा जांभा आहे, त्यातून पाणी झिरपून निघून जातं. नद्या आखूड आणि उताराच्या, डोंगरावर पडलेलं पाणी बघता बघता खाडीला मिळतं.

आमच्या वाडीची जुनी विहीर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला आहे. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात, मे च्या दुसऱ्या आठवड्यात, तळाशी फक्त एक झरा राहिला होता. बायका पहाटे चारला नंबर लावायच्या. आत उतरलेली बाई करवंटीने पाणी उचलून हंड्यात ओतायची, दहा-बारा करवंट्या झाल्या की झरा थांबायचा, मग खडकाला पाठ टेकून बसायचं आणि पाणी गोळा व्हायची वाट बघायची. एक हंडा भरायला पाऊण तास. माझी बायको दोन हंडे घेऊन वर आली तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी आम्ही चार घरांनी मिळून वरच्या अंगाचा झरा बांधून काढला आणि उताराने पाईप आणला. आता मेअखेरपर्यंत पुरतं. गावी यायचं ठरवण्याआधी मे च्या मध्याला आपल्या वाडीतल्या विहिरीत वाकून बघा. जमिनीचा भाव, रेल्वेचं स्टेशन, मोबाईलची रेंज हे सगळं त्यानंतर.

दवाखान्याचं सांगायचं तर शहराचं पारडं स्पष्ट जड आहे. नालासोपाऱ्यात रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा रिक्षाने दहा मिनिटांत डॉक्टरसमोर होतो. इथे ऑक्टोबरात भात कापताना शेजारच्या काकींना फुरसं चावलं. खुर्चीत बसवून चौघांनी साकवापलीकडे, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापलीकडे, डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथे 108 ची गाडी आली, पहिल्या ठिकाणी लस नव्हती म्हणून पुढे पाठवलं. काकी वाचल्या. पण चावल्यापासून सर्पदंशाची लस टोचेपर्यंत चार तास गेले. घरात हृदयविकाराचं, डायलिसिसचं माणूस असेल तर वलाटीतलं गाव नको. तालुक्याच्या ठिकाणी खोली घ्या आणि शेती तिथून करा.

शाळेचं चित्र मिश्र आहे. कोकण मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, ते उगाच नाही. मुलं शांतपणे अभ्यास करतात आणि शिक्षक प्रत्येक मुलाला घरापर्यंत ओळखतात. आमच्या वाडीच्या प्राथमिक शाळेचा पट मात्र अकरा आहे आणि शाळा टिकेल का याची काळजी दर जूनला लागते. हायस्कूल पाच किलोमीटरवर, एसटी चुकली की दिवस गेला. लहान मूल असेल तर गाव त्याला खूप काही देतं, माझी धाकटी ओढ्यात पोहायला शिकली आणि झाडावरूनच कच्ची-पक्की बी ओळखते. आठवी ते बारावीतल्या मुलाला मध्येच उचलून आणू नका. त्याचं एक शिक्षण तुटतं आणि दुसरं नीट जोडलं जात नाही. बारावीनंतर बहुतेकांना बाहेर पडावंच लागतं, हेही धरून चाला.

माणसांचा हिशेब जनगणनेतच आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत राज्य वाढत असताना रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. हजार पुरुषांमागे 1122 बायका, कारण पुरुष मुंबईला. लावणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून भातशेती ओसाड पडते, तिथे रान माजतं, रानात डुक्कर येतं, आणि मग शेजारचा जो अजून शेती करतोय त्याचीही नासाडी होते. एक घर परतलं तरी हे थोडं मागे हटतं. आम्ही आल्यावर आमच्या खालचे दोन मळे पुन्हा लागले, कारण राखण करायला माणूस झाला. शहर सोडल्याचं मला सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट हीच आहे.

बायकोची बाजू वेगळी मांडायला हवी, कारण निर्णय नवरा घेतो आणि भार तिच्यावर पडतो. माझी बायको नालासोपाऱ्यात शिवणकाम करून स्वतःचे पैसे मिळवायची, मनात आलं की मैत्रिणींबरोबर बाजारात जायची. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तिच्या हातात स्वतःचा रुपया नव्हता, आणि सासरच्या सगळ्या नजरा होत्या. आता ती वाडीतल्या बायकांबरोबर आमसुलं आणि कुळथाचं पीठ करून विकते, पण ती दोन वर्षं तिने सोसली हे मी विसरत नाही. तिची मनापासून तयारी नसेल तर येऊ नका. आणि यायचं ठरलं तर आधी घराच्या उताऱ्यावर तिचं नाव लावून घ्या.

उताऱ्यावरून सातबाऱ्याकडे. कोकणात जमीन सामाईक असते, एका गटावर आजोबांपासूनची तीस-चाळीस नावं, अर्धी मयत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान घ्यायचं तर सामाईक क्षेत्राला बाकीच्या खातेदारांची संमती लागते. म्हणून वारस नोंद आधी करा आणि जमलं तर सहमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्या. तुम्ही आलात नाहीत तरी हे काम करा, कारण राज्यात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, आणि सातबाऱ्यावरचं नाव हाच त्याचा पुरावा.

मला विचाराल तर हातात कला, मुलं लहान, आईवडील धडधाकट आणि बायको राजी, अशा घराने यावं. यातलं एक जरी नसेल तर खोली सोडू नका. जमिनीत कलमं आत्ता लावा, राखणीला भावकीतल्या कोणाला वाटा द्या, आणि पाच-सात वर्षांनी या. तोवर झाडं धरतील.

आणि अजमावायचं असेल तर मे मध्ये किंवा गणपतीत नको, तेव्हा वाडी भरलेली असते. जून ते ऑगस्ट येऊन राहा. आठ-आठ दिवस ऊन नाही, वीज दोन-दोन दिवस गायब, कपडे चुलीवर वाळवायचे, संध्याकाळी सातनंतर बाहेर फक्त बेडकांचा आवाज. त्यासाठी घर मात्र मे संपायच्या आत शाकारून घ्या. माकडांनी कौलं फोडलेली असतातच, आणि पहिल्या पावसात माजघरात गळायला लागलं की कौलं परतायला एक माणूस मिळत नाही.