फॉर्म गेल्यावर टीम मागं खेचायची का? टॉटनहॅम २०२१, चेल्सी २०१२ आणि टॉटनहॅम २०२५

सलग चार मॅच हरलेल्या कोचला भेटेल तो माणूस एकच सल्ला देतो, आधी गोल खायचं बंद कर. परवा एका मित्राचा फोन आला, त्याची सतरा वर्षांखालच्या पोरांची टीम आहे, लीग निम्म्यावर आलीय आणि फॉर्म पार गेलाय, आणि त्याला ठरवता येत नाहीये की पाच बॅक (डिफेन्सला पाच जण) लावून खाली बसायचं की आहे तसंच पुढं जाऊन खेळत राहायचं. तासभर बोललो तरी विषय संपेना म्हणून इथं नीट लिहून काढतोय, अजून कोणी ह्याच पेचात असेल तर त्यालाही कामाला येईल.

मी तीन टीम शेजारी शेजारी ठेवून बघतोय. २०२०-२१ चं मोरिन्होचं टॉटनहॅम, २०१२ ची डी मातेओची चेल्सी, आणि २०२५ चं अँज पोस्टेकोग्लूचं टॉटनहॅम, ही तिघं त्या त्या टीमचे कोच. तिन्ही लंडनच्या, तिन्हींचा फॉर्म गेला, तिन्ही मागं सरकल्या. एक बुडाली आणि दोन युरोपातला कप घेऊन आल्या. त्यामुळं "डिफेन्सिव्ह खेळणं चांगलं की वाईट" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, कधी आणि कोणाला घेऊन खेळताय ते बघायला पाहिजे.

मोरिन्होपासून सुरू करतो कारण ती केस बघताना मला सगळ्यात जास्त त्रास झाला होता. त्या सीझनची सुरुवात आठवा, साउथहॅम्प्टनला ५-२, त्यात फॉरवर्ड सोनचे चार गोल आणि चारही त्याचा जोडीदार केननं दिलेल्या पासवर, मग ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला ६-१. ही टीम मुळात घाबरट नव्हतीच. मग ऑक्टोबरमध्ये वेस्ट हॅमची मॅच आली. १६ मिनिटांत ३-० पुढं, ८१ मिनिटांपर्यंत ३-० पुढं, आणि शेवटी ३-३, तिसरा गोल तर लान्झिनीनं लांबून असा काही हाणला की बघत राहावं. माझं मत असं की त्या दहा-बारा मिनिटांत टीमच्या मनात जी भीती बसली ती पुढं निघालीच नाही. आणि गंमत अशी की लगेच नंतर मागं बसून दोन मोठ्या मॅच जिंकल्या पण, नोव्हेंबरमध्ये मँचेस्टर सिटीला २-०, डिसेंबरमध्ये आर्सेनलला २-०, दोन्हीकडं बॉल बहुतेक वेळ समोरच्यांकडं, आणि टीम टेबलात एक नंबरला. मग काय, हेच बरोबर आहे असं सगळ्यांना वाटलं, मला पण वाटलं होतं.

पण सिटी आणि आर्सेनल बॉल ठेवतात, वर येतात, त्यांच्या मागं मोकळी जागा सुटते आणि सोनसारखा पोरगा त्या जागेत पळतो. क्रिस्टल पॅलेस, वुल्व्हज, फुलहॅम असे वर येत नाहीत. त्यांच्यासमोर १-० करून मागं बसलं की तुम्ही त्यांना फुकटात तुमच्या डीपर्यंत (गोलसमोरच्या चौकोनापर्यंत) येऊ देता. पॅलेसनं ८१ व्या मिनिटाला बरोबरी केली, तीन दिवसांनी लिव्हरपूलच्या फिर्मिनोनं ९० व्या मिनिटाला हेडर मारला. वुल्व्हजची मॅच तर मी दोनदा बघितली. पहिल्याच मिनिटात एनदोम्बेलेनं गोल केला आणि नंतर जवळजवळ सगळी मॅच नुसती राखण. ८६ व्या मिनिटाला कॉर्नर, बॉल जवळच्या पोस्टकडं आला, साईसनं डोकं लावलं, संपलं. तो कॉर्नर एकटा बघितला तर वाटतं मार्किंग चुकलं, दुसरं काय. पण ८५ मिनिटं मागं बसलं की कॉर्नर, थ्रो, फ्री-किक येतच राहतात, आणि एवढ्यातनं एक तरी चुकणारच ना. फुलहॅमनं पण तेच केलं, एप्रिलमध्ये न्यूकॅसलनं ८५ व्या मिनिटाला तेच केलं. मार्चमध्ये युरोपातल्या कपला, जिथं दोन मॅचचे गोल एकत्र मोजतात, झाग्रेबला पहिल्या मॅचचे दोन गोल हातात घेऊन गेले आणि ओर्सिचच्या हॅटट्रिकवर ३-० नं हरून युरोपा लीगमधून बाहेर. १९ एप्रिलला मोरिन्होची सुट्टी, लीग कपच्या फायनलला सहा दिवस असताना, आणि शेवटी लीगमध्ये सातवा नंबर. त्याच सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल पण केनचे आणि सगळ्यात जास्त असिस्ट (गोलसाठी दिलेले पास) पण केनचे, म्हणजे असा माणूस टीममध्ये असून सातवा नंबर, हे मला आजपण पचत नाही.

इथं एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. केन तेव्हा खाली येऊन बॉल घ्यायचा आणि सोन पुढं पळायचा, सगळा अटॅक ह्या जोडीवर. टीमची लाइन (बॅकची रांग) थोडी मागं असेल तोवर हे झकास चालतं. पण लाइन पार डीत घुसली की केन पण आपल्याच डीजवळ उभा, सोन हाफ लाइनच्या मागं फुल बॅकला मदत करतोय, मग बॉल मारून काढला तरी घ्यायला पुढं आहे कोण? बॉल गेला की पाच सेकंदांत परत अंगावर. डिफेन्स दमतो तो ह्यानं, नुसत्या पळण्यानं नाही.

आता चेल्सी २०१२. ही केस उलटी आहे. तेव्हाचा कोच विलास-बोआसनं आल्या आल्या लाइन वर चढवली होती आणि टेरीसारख्या स्टॉपरला (मधल्या बॅकला) ते झेपणारं नव्हतं, ऑक्टोबरमध्ये आर्सेनलनं स्टॅमफर्ड ब्रिजवर येऊन ५-३ केलं तेव्हाच ते दिसलं होतं. फेब्रुवारीत युरोपातल्या सगळ्यात मोठ्या कपमध्ये, चॅम्पियन्स लीगमध्ये, नापोलीत ३-१ हरले, ४ मार्चला कोच गेला, त्याचा असिस्टंट डी मातेओ आला आणि त्यानं टीमला तिच्या जुन्या सवयीवर परत नेलं. चेक, टेरी, ॲशली कोल, लॅम्पार्ड, द्रोग्बा, ही माणसं वर्षानुवर्षं खाली बसून डी सांभाळायला शिकलेली. त्यांना मागं या म्हटलं की सुटल्यासारखं वाटलं असणार. माझ्या मते मोरिन्होच्या आणि ह्या केसमधला सगळ्यात मोठा फरक हाच. एका टीमला तिच्या ताकदीपासून लांब नेलं, दुसरीला तिच्या ताकदीकडं परत आणलं, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आणि पुढं द्रोग्बा होता. बार्सिलोनाविरुद्ध सेमीफायनलची पहिली मॅच, बार्साचा बॉल दोनदा पोस्ट-बारला लागला, पण हाफटाइमच्या तोंडावर लॅम्पार्डनं मेस्सीकडनं बॉल काढला, एका पासमध्ये रामिरेसकडं, रामिरेस पळाला, क्रॉस, द्रोग्बा, गोल. बॉल काढल्यापासून गोलपर्यंत मोजून तीन माणसं. दुसऱ्या मॅचला कँप नूवर केहिल सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर, टेरीला ३७ व्या मिनिटाला रेड कार्ड, म्हणजे दोन्ही स्टॉपर गेले, दोन गोल खाल्ले, तरी त्याच रामिरेसनं हाफटाइमच्या आधी चिप मारला, मेस्सीची पेनल्टी बारवर आपटली, शेवटी तोरेसनं २-२ केलं. दहा माणसांत डीजवळ दोन घट्ट रांगा आणि द्रोग्बा स्वतः फुल बॅकसारखा कडेला उभा होता, हे ज्यानं लाइव्ह बघितलं तो विसरणार नाही. फायनल म्युनिकमध्ये बायर्नच्याच ग्राउंडवर. बायर्नला २० कॉर्नर, चेल्सीला १, आणि त्या एकावर ८८ व्या मिनिटाला द्रोग्बाचं हेडर. मग जादा वेळेत चेकनं रॉबेनची पेनल्टी अडवली आणि टायब्रेकरला ४-३.

पण ह्यातलं दुसरं पान लोक वाचत नाहीत. त्याच चेल्सीचा त्याच सीझनला लीगमध्ये सहावा नंबर होता. कप जिंकला म्हणून पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग मिळाली, नाहीतर नसती मिळाली, आणि त्यापायी चौथ्या नंबरच्या टॉटनहॅमची जागा गेली. नोव्हेंबरमध्ये युव्हेंटसकडून ३-० हरल्यावर डी मातेओला पण काढलं. म्हणजे हे दोन-तीन महिन्यांचं, नॉकआउटपुरतं औषध होतं.

तिसरी केस मला सगळ्यात आवडते, कारण इथं कोचनं मत बदललं. पोस्टेकोग्लू म्हणजे काय माणूस, नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध दोन रेड कार्ड, नऊ माणसं, आणि ह्याची लाइन तरी हाफ लाइनवर! १-४ हरले. पुढच्या सीझनला जखमी माणसांची रांग लागली, रोमेरो आणि व्हॅन डी व्हेन हे दोन्ही स्टॉपर बराच काळ बाहेर, ब्रायटनला २-० पुढं असून ३-२ हरले, चेल्सीला २-० पुढं असून ४-३ हरले. शेवटी लीगमध्ये २२ पराभव, ३८ पॉइंट, १७ वा नंबर. म्हणजे "आपण आपलाच खेळ खेळायचा, काही झालं तरी" ह्याचा हिशेब पण समोर आहे, तो लपवून चालणार नाही.

पण युरोपा लीगमध्ये स्प्रिंगपासून हाच माणूस वेगळा खेळायला लागला. फ्रँकफर्टला जाऊन सोलांकेच्या पेनल्टीवर १-०, नंतर घट्ट राखण. सेमीफायनलला बोडोमध्ये पण घाई नाही. आणि २१ मे ला बिल्बाओत फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड, मॅडिसन, कुलुसेव्स्की, बर्गवाल तिघंही जखमी म्हणजे बॉल खेळवणारी माणसंच नाहीत. ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा गोल आणि पुढं सगळी मॅच भिंत. सगळ्या मॅचमध्ये तीन शॉट. ६८ व्या मिनिटाला गोली चुकला, होयलुंडचं हेडर रिकाम्या गोलात चाललेलं, आणि व्हॅन डी व्हेननं पाठमोरा उडून हवेतच पाय लावून लाइनवरून बॉल काढला. शेवटी शेवटी जॉन्सनला काढून डिफेंडर दान्सोला आणलं, पाच बॅक. २००८ नंतरचा पहिला कप. सोळा दिवसांनी अँजला काढलं, पण ते राहू दे.

इथं मला महत्त्वाचं हे वाटतं की मागं बसायचं ठरवलं तेव्हा रोमेरो आणि व्हॅन डी व्हेन परत आलेले होते. जानेवारीत कामचलाऊ बॅक लाइन घेऊन हीच भिंत उभी केली असती तर तासभर पण टिकली नसती.

आता तुमच्या टीमकडं येऊ. आमच्याकडं कोल्हापुरात आधी लीग आणि मग नॉकआउट असा सीझन असतो आणि मला वाटतं ठरवताना पहिलं हेच बघावं. लीगच्या उरलेल्या मॅच असतील तर पाच बॅक लावू नका, मी स्पष्टच सांगतो. १-१ च्या बरोबऱ्या करून टेबल चढता येत नाही आणि मोरिन्होची टीम बघितलीत. नॉकआउटला समोर तुमच्यापेक्षा भारी टीम असेल तर बिनधास्त बसा, शाहू स्टेडियमवर गॅलरी ओरडणार, ओरडू दे.

दुसरं, बॉल काढल्यावर तो टिकवणारा किंवा घेऊन पळणारा एक तरी पोरगा आहे का? नसेल तर बसूच नका. आमच्या पोरांची एक मॅच मला आठवते, पाच बॅक, चार हाफ (मधले खेळाडू), पुढं एकच फॉरवर्ड, तो पण बारका. पहिली वीस मिनिटं तो प्रत्येक लांब बॉलच्या मागं पळाला, दोन दोन स्टॉपर अंगावर, एकही बॉल मिळाला नाही. नंतर तो पळायचाच बंद झाला, कमरेवर हात ठेवून उभा. त्याचे खांदे पडले तेव्हाच मला कळलं होतं की मॅच गेली, गोल पंधरा मिनिटांनी बसला.

तिसरं म्हणजे गोल नेमके कशावर खाताय ते लिहून काढा, अंदाजानं नको, शेवटच्या चार मॅचचे सगळे. कॉर्नरवर खात असाल तर मागं बसून ते वाढणार. स्टॉपरच्या पाठीमागं पडणाऱ्या बॉलवर खात असाल तर लाइन दहा पावलं खाली आणा, तेवढंच पुरे होतं, पाच बॅकची गरज नाही. आणि हाफ लाइनवर बॉल गमावून खात असाल तर तो डिफेन्सचा दोषच नाही, मधल्या हाफना जवळ जवळ उभं करा. बॅक आणि हाफ ह्यांच्यामध्ये मोठी फट पडली की समोरचा तिथं आरामात वळतो, निम्मे गोल तिथून सुरू होतात.

आणि पोरं सतरा वर्षांखालची आहेत हे पण धरायला पाहिजे. चेल्सीचे टेरी आणि कोल तिशी ओलांडलेले होते, त्यांचं शिकून झालेलं. सोळा वर्षांच्या स्टॉपरला सीझनभर नुसतं "मार, काढ" सांगितलं तर पुढच्या वर्षी तो बॉल पायात घ्यायला घाबरणार, हे नुकसान टेबलात दिसत नाही.

म्हणून मित्राला मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. चार बॅक ठेव, लाइन दहा पावलं खाली आण, दोघं पुढं राहू देत आणि त्यातला जो पळतो त्याला कॉर्नरच्या वेळी पण खाली बोलवू नको. एक गोल पुढं गेलास तर लगेच कोणाला मागं ओढू नको, शेवटच्या दहा मिनिटांत बघू. नॉकआउटचं ड्रॉ लागल्यावर पाच बॅकचं बोलू. रविवारी मी येतोच आहे मॅचला, हाफटाइमला भेट.