शटडाऊन केल्यावर पीसी पुन्हा सुरू होतोय? लगेच मदरबोर्ड बदलू नका

ज्यांचे आईवडील गावी एकटे पीसी वापरतात, त्यांनी हे जरूर वाचा.

बाबांचा पीसी शटडाऊन केला की बराच वेळ नुसतं चक्र फिरत राहायचं आणि बंद व्हायच्या ऐवजी मशीन परत सुरू व्हायचं. शेवटी ते भिंतीवरचं बटणच बंद करायचे. दुकानातल्या माणसाने कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "काका, मदरबोर्ड गेला." ५,५०० रुपये घेतले, बिल नाही, जुना बोर्डही परत दिला नाही. घरी आणल्यावर पुन्हा तेच! मग म्हणे, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागेल.

तेव्हा बाबांनी मला सांगितलं. मी गावी गेल्यावर आधी 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' उघडून 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढली. विंडोज बंद होता होता क्रॅश झालं तर या टिकमुळे ते आपोआप पुन्हा सुरू होतं, आणि काय बिघडलं ते सांगणारा निळा स्क्रीन धड वाचायलाही मिळत नाही. टिक काढून शटडाऊन केलं, तेव्हा तो स्क्रीन थांबला: 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. म्हणजे कुठलं तरी उपकरण झोपायलाच तयार नव्हतं. मागे लावलेला यूएसबी वायफाय डोंगल काढला आणि पीसी नीट बंद झाला. नवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) टाकल्यावर डोंगलही सुरळीत चालतोय. काहींच्या पीसीत 'फास्ट स्टार्टअप' (पीसी लवकर सुरू व्हावा म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) बंद केल्यावरही हा त्रास जातो. या दोन्ही गोष्टी तपासायला पैसे लागत नाहीत.

खरा संताप पुढे आला. कॅबिनेट उघडलं तर 'नव्या' बोर्डाच्या रॅमच्या खाचांत काळी धूळ आणि कडेला दुसऱ्याच दुकानाचं २०१९ चं वॉरंटी स्टिकर! बाबांचा मूळ बोर्ड दोन वर्षांपूर्वीचा, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी. तो खरंच गेला असता तरी वॉरंटीत बदलून मिळाला असता. चांगला, वॉरंटीतला बोर्ड काढून घेऊन वापरलेला बसवला, वर पैसेही घेतले. सत्तरीच्या माणसाला असं लुबाडायचं?

दुरुस्तीला देताना कॅबिनेट उघडून बोर्ड, रॅम, एसएसडी यांच्या सीरियल नंबरचे फोटो काढा. बदललेला पार्ट परत मागा, पक्कं बिल घ्या. बाबांनी पैसे यूपीआयने दिले होते, एवढा तरी पुरावा हाती आहे. मूळ बोर्डाचा खोका माळ्यावर सापडला. त्यावरचा सीरियल नंबर आणि बसवलेल्या बोर्डाचे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. दुकानदार म्हणतो, जुना बोर्ड भंगारात गेला.