आयाटेफलचा व्यवस्थापन गट: नव्या विभागप्रमुखांनी जरूर सामील व्हावं

चांगलं शिकवतो म्हणून बढती मिळते आणि लगेच वेळापत्रक, बदली तास, विद्यार्थ्यांच्या तक्रारी गळ्यात पडतात. हे काम आधी कुणी शिकवलेलं नसतं. म्हणूनच १९६७ साली स्थापन झालेल्या आयाटेफल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नेतृत्व व व्यवस्थापन गट मला फार मोलाचा वाटतो.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो तास-निरीक्षणात. कालपर्यंत स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचा तास बघून त्याला अभिप्राय द्यायचा, हे खरोखर जड जातं. गटातल्या चर्चेतून मी एक पद्धत उचलली. आधी शिक्षकालाच विचारायचं, "तास कुठे निसटतोय असं वाटलं?" उत्तर पूर्ण होईपर्यंत आपली वही मिटलेली ठेवायची. बहुतेक वेळा ते स्वतःच नेमकं बोट ठेवतात, मग पुढचं बोलणं सुधारणेवर होतं.

वार्षिक परिषदेच्या आदल्या दिवशी गटाचा स्वतंत्र कार्यक्रम असतो, तो चुकवू नका. प्रवास धरून खर्च बराच होतो. तो संस्थेनेच उचलावा, असं माझं ठाम मत आहे. व्यवस्थापनाकडे वळायचा नुसता विचार असला, तरी आत्ताच सदस्य व्हा.