कानाचं मशीन: सेलचं की चार्जिंगचं?

यावल-रावेरकडच्या आजोबांसाठी मशीन घ्यायचं ठरतं आणि गाडं इथेच अडतं. आवाज दोन्हींत सारखाच चांगला मिळू शकतो. फरक रोजच्या वापरात आहे.

सेल झिंक-एअर असतो, म्हणजे हवा लागली की चालू होणारा. मापाचा नंबर स्टिकरच्या रंगावरून ओळखा: ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. स्टिकर काढून तीन-चार मिनिटं थांबा, हवा आत शिरू द्या, मगच बसवा. घाई केली की सेल कमजोर वाटतो आणि दोष दुकानदारावर जातो! स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. १३ नंबर साधारण आठवडा-दीड आठवडा पुरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळची कोरडी हवा त्यातला ओलावा शोषते, तेव्हा कमीच. साठा फ्रीजमध्ये नको, दव धरतं. नातवंडानं सेल गिळला तर तडक दवाखाना.

चार्जिंगचं तीन-चार तासांत भरतं, दिवसभर चालतं. रात्रभर लाईट नसली तर मात्र सकाळी मुकं. उन्हातल्या गाडीत राहिलं की बॅटरी लवकर थकते. एरवीही काही वर्षांनी ती बदलावी लागते, आणि ते काम घरी होत नाही.

बोटं थरथरत असतील, नजर अधू असेल तर चार्जिंगचं. मळ्यात मुक्काम आणि लाईटचा भरवसा नसेल तर सेलचंच.