इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर: पॅनेल कंपनी, जवळची फर्म की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर?

ऑफर मान्य झाली की एस्टेट एजंट पहिल्याच फोनवर विचारतो, तुमचा सॉलिसिटर (घराचे कायदेशीर कागद बघणारा वकील) कोण? उत्तर देईपर्यंत तोच एक नाव पुढे करतो. तिथल्या तिथे हो म्हणू नका. अशा शिफारशीचे एजंटला बहुधा पैसे मिळतात. ते सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा रक्कम सरळ विचारून घ्या. तीच फर्म घेण्याची सक्ती तो करू शकत नाही.

एजंटची ही नावं बहुतेकदा पॅनेल कंपन्यांची, म्हणजे एजंटच्या ठरलेल्या यादीतल्या मोठ्या फर्मची असतात. फी कमी, सगळं काम पोर्टलवर, आणि फाईल एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते. फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) घर, मागेपुढे एकमेकांवर अडकलेल्या खरेदी-विक्रीची साखळी नाही, डिपॉझिट पगारातून साठवलेलं, असा सरळ व्यवहार असेल तर हे चालून जातं. लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचा) फ्लॅट असेल किंवा पैशाचा काही भाग भारतातून येणार असेल, तर पॅनेल कंपनी न घेता जवळची फर्म घ्या असंच मी सांगेन. अशा फाईलमध्ये प्रश्न रोज निघतात, आणि त्यांचं उत्तर देणारा माणूस दर वेळी नवा असला की प्रत्येक प्रश्न पहिल्यापासून सुरू होतो.

तिसरा पर्याय लायसन्स्ड कन्व्हेयन्सरचा. तो सॉलिसिटर नसतो, पण घराच्या व्यवहारांपुरता पूर्ण अधिकृत असतो. सॉलिसिटरवर एसआरए या नियामक संस्थेचं नियंत्रण असतं, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर सीएलसी या संस्थेचं. नेहमीच्या खरेदीत कामाचा दर्जा तितकाच असतो, कधी बराही, कारण तो दिवसभर हेच करतो. वारसाहक्क, घटस्फोट किंवा हद्दीचा वाद मध्ये असेल तर मात्र ती कामं करणारी सॉलिसिटर फर्म घ्या. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिथे स्कॉटिश सॉलिसिटरच लागतो.)

कोटेशन मागवताना घराची किंमत, फ्रीहोल्ड की लीजहोल्ड, कर्ज कोणत्या बँकेचं आणि भेट म्हणून आलेले पैसे आहेत का, हे सगळं आधीच सांगा. नाहीतर ५०० पौंडांचा आकडा बघून सही होते आणि मग लीजहोल्डचे वेगळे, बँकेच्या वतीने काम करण्याचे वेगळे, भेटीच्या पैशाची तपासणी वेगळी, ओळख पडताळणी, पैसे पाठवण्याची फी, स्टँप ड्यूटीचा फॉर्म असं एकेक वाढत जातं. फीवर २० टक्के व्हॅट लागतो तो निराळाच. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरखरेदीच्या फीची माहिती जाहीर करावी लागते. ती आणि तुमचं कोटेशन शेजारी ठेवून वाचा. ‘व्यवहार मोडला तर फी नाही’ असं लिहिलेलं असलं तरी सर्चचे, म्हणजे काउन्सिल (स्थानिक पालिका) वगैरेंकडून घराची माहिती काढण्याचे, पैसे परत मिळत नाहीत.

फोनवर तीन गोष्टी विचारा. माझी फाईल नेमकी कोण वाचणार? तो रजेवर गेला तर कोण बघणार? आणि तुम्ही माझ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या मान्य वकिलांच्या यादीत आहात का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर बँक स्वतःचा वकील नेमते, त्याचा खर्च तुमच्यावर पडतो आणि काही आठवडेही जातात.

आता आपल्या लोकांना सगळ्यात महाग पडणारी गोष्ट. ‘पहिलं घर’ ही स्टँप ड्यूटीची सवलत जगात कुठेही, कधीही घर नावावर नसलेल्यालाच मिळते. पुण्यातला फ्लॅट, वडिलांनंतर नावावर चढलेला वाड्याचा हिस्सा, दहा वर्षांपूर्वी विकून टाकलेला वन-बीएचके, हे सगळं त्यात धरतात. दोघांनी मिळून घर घेताना एकाचंही असं घर असेल तर दोघांची सवलत जाते. शिवाय आजही नावावर असलेल्या घराची किंवा हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर साधारणपणे ५ टक्के जादा कर बसतो, आणि त्यात नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावरचं घरही मोजतात. ४,२५,००० पौंडांच्या घरावर एप्रिल २०२५ पासूनच्या दराने खऱ्या पहिल्या घराला ६,२५० पौंड, सवलत गेली तर ११,२५०, आणि जादा कर लागला तर ३२,५०० पौंड. सॉलिसिटरच्या फॉर्मवर ‘दुसरं घर आहे का’ अशी एक ओळ असते. गावाकडचं घर कशाला सांगायचं, असं म्हणून तिथे ‘नाही’ लिहू नका. विवरणपत्र तुमच्या नावाने जातं, चूक झाली तर कर, व्याज आणि दंड तुमच्याकडून वसूल होतो. वारशात गेल्या तीन वर्षांत आलेला निम्मा किंवा त्याहून कमी हिस्सा जादा करासाठी धरत नाहीत, म्हणून तारखांसकट सगळं सांगा.

पैशाच्या उगमाची तपासणी हा दुसरा मोठा अडथळा. सॉलिसिटरला रक्कम फक्त तुमच्या खात्यात दिसून पुरत नाही, ती कुठून आली ते दाखवावं लागतं. वडिलांनी मुदत ठेव मोडून ३० लाख पाठवले, तर ठेवीची पावती, ती मोडल्याची नोंद, त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट, परदेशी पाठवल्याचा बँकेचा कागद आणि त्यांचा पासपोर्ट, अशी अखंड साखळी हवी. त्याच स्टेटमेंटमध्ये काकांच्या नावाने पाच लाखांची एक जमा दिसली की काका हेही भेट देणारे ठरतात, आणि त्यांचीही कागदपत्रं मागितली जातात. म्हणून भारतातच सगळी रक्कम एका खात्यात गोळा करून पाठवण्याआधी थांबा; ज्याचे पैसे त्याच्याच खात्यातून सरळ येऊ देत. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच पाठवता येतात, तेही लक्षात ठेवा. जमीन विकून आलेले पैसे असतील आणि खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या. आणि पैसे हातउसने असतील तर भेटीच्या पत्रावर सही करू नका. पैसे परत करायचे नाहीत आणि घरावर देणाऱ्याचा हक्क नाही, असं ते पत्र सांगतं. बँक त्यावरच कर्ज देते.

सॉलिसिटर तुमचं घर बघायला येत नाही. त्याच्यासमोर असतो लँड रजिस्ट्रीचा (मालकीची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचा) नकाशा, शहरात सहसा १:१२५० प्रमाणाचा, ज्यावर घराची हद्द दाखवणारी लाल रेघ असते. ७ पौंडांत तो तुम्हालाही मिळतो. तो हातात धरून घराभोवती फिरा. एजंटने दाखवलेली पार्किंगची जागा लाल रेघेच्या आत आहे का? मागच्या बागेतली शेड शेजाऱ्याच्या हद्दीत तर जात नाही ना? मागचं वाढवलेलं स्वयंपाकघर नकाशावर नसेल तर परवानगी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सचा (बांधकामाच्या नियमांचा) दाखला मागायला लावा. दाखला नसेल तर पुढे काउन्सिलने कारवाई केली तर भरपाई देणारा विमा विक्रेत्याच्या खर्चाने काढता येतो, पण त्याआधी काउन्सिलला फोन करू नका. एकदा त्यांच्या कानावर गेलं की विमा मिळत नाही.

विक्रेत्याने भरलेले टीए६ आणि टीए१० हे घराच्या माहितीचे फॉर्म स्वतः वाचा. शेजाऱ्याशी झालेला वाद टीए६ मध्ये, पडदे-कपाटं-शेगडी राहणार की जाणार हे टीए१० मध्ये. तुमच्या सर्व्हेचा (घराच्या बांधकामाच्या तपासणीचा) अहवालही सॉलिसिटरला पाठवा, कारण एरवी तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

लीजहोल्डमध्ये उशीर जवळजवळ ठरलेला असतो तो एलपीई१ या इमारतीविषयीच्या प्रश्नावलीच्या उत्तरांमुळे. ती इमारतीच्या मॅनेजिंग एजंटकडून येतात आणि आठवडेच्या आठवडे लागतात. ऑफर मान्य झाली त्याच दिवशी विक्रेत्याने ती मागवावीत, अशी अट एस्टेट एजंटमार्फत घाला. लीजची उरलेली वर्षं बघा. ८० च्या खाली गेली की मुदत वाढवण्याचा खर्च एकदम चढतो. सर्व्हिस चार्जचे (इमारतीच्या देखभालखर्चाचे) तीन वर्षांचे हिशेब आणि येऊ घातलेल्या मोठ्या दुरुस्त्या विचारा. उंच इमारत असेल तर क्लॅडिंगची (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाची) कागदपत्रं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक्स्चेंजपर्यंत, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल होऊन व्यवहार बांधला जाईपर्यंत, कुणीही मागे फिरू शकतो. त्यानंतर माघार घेतली तर साधारण १० टक्के डिपॉझिट जातं. घराचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून सुरू हवा, किल्ल्या मिळण्याच्या दिवसापासून नाही. शुक्रवारी कम्प्लिशन (उरलेले पैसे देऊन किल्ल्या घेण्याचा दिवस) ठरवू नका, पैसे अडकले तर सोमवारपर्यंत सामानाचा ट्रक कुठे उभा करणार? आणि बँक तपशील बदलल्याचा ईमेल आला तर तो खोटाच धरा. पहिल्या भेटीत लिहून घेतलेल्या नंबरवर फोन करून खातं पडताळल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका.

कम्प्लिशननंतर १४ दिवसांत स्टँप ड्यूटीचं विवरण आणि मग नोंदणी हे सॉलिसिटरचं काम. ते झाल्याची पावती मागून घ्या. तक्रार असेल तर आधी फर्मकडे लेखी द्या, आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे) जाता येतं. नोंदणीचा कागद हातात आला की नाव अक्षर न् अक्षर तपासा. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, कर्जाच्या पत्रावर ते नाही आणि मालकीहक्कावर स्पेलिंग तिसरंच, हा घोळ आपल्या नावांत नेहमी होतो आणि घर विकताना वर येतो. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट ही मोफत सेवाही त्याच दिवशी चालू करा, म्हणजे तुमच्या घराच्या नोंदीला कुणी हात लावायला गेलं तर ईमेल येतो.